सासऱ्यांचा फ्लेक्स आणि फुकटातलं बदक

माझ्या सासऱ्यांना मी एकदा स्वखर्चानं लाल केलं.

सासरे, म्हणजे आमचे मामा, कोल्हापूरचे जुने पैलवान. मी बँकेतला कारकून. वजन छत्रीसकट जेमतेम पन्नास किलो. लग्नाला बारा वर्षं झाली, पण मामांच्या तोंडून 'शाब्बास' काही ऐकायला मिळालं नव्हतं. पहिल्या भेटीत त्यांनी माझा दंड दाबून बघितला आणि "असू दे" म्हणाले, तेवढंच! त्यामुळं त्यांची एकसष्टी आली, तालमीत फ्लेक्स लावायचं ठरलं, तेव्हा मी छाती काढून (जी काय होती ती) जाहीर केलं, "फ्लेक्स मी करणार. घरच्या संगणकावर!"

"तुमी?" बायको म्हणाली. "अवं, त्यावर पत्त्यांचा डाव लावला तरी त्यो धापा टाकतोय!"

खरं होतं. आमचा संगणक एका ऑफिसच्या लिलावातला. चित्रांचा एक नावाजलेला प्रोग्रॅम त्यात घालून बघितला, तर संगणकच असा गप्प झाला की बायकोनं त्याच्यावर टॉवेल वाळत घातला. मग परवडेल असा दुसरा घ्यायला राजारामपुरीत गेलो.

"मेमरी किती हाय, पावणं?" दुकानदारानं विचारलं.

मी आकडा सांगितला. त्यानं शेजारच्या दुकानदाराला हाक मारून बोलावलं आणि मला तो आकडा परत सांगायला लावला! पोटभर हसून झाल्यावर त्यालाच दया आली. कुठल्याशा मासिकाबरोबर आलेली एक सीडी त्यानं फुकट दिली. लहान मुलांसाठी रंगकामाचा प्रोग्रॅम. रंग लावला की कोपऱ्यातलं बदक 'प्यॅक प्यॅक' करत टाळ्या वाजवायचं.

सीडी घालताना मी सगळं खटलं पुढं ओढलं, मागं ढकललं, भिंतीवर आपटलं. प्रोग्रॅम सुरू झाला. मामांचा फोटो उघडला, तर मामा हिरवे!

"बाबांस्नी शेवाळ धरल्यागत दिसतंय की!" बायको ओरडली.

"फुकटातल्या प्रोग्रॅमचे रंग असलेच असणार," मी जाणकारासारखा म्हणालो. बदकसुद्धा हिरवटच होतं.

मग मी लाल रंग वाढवला. प्यॅक! अजून वाढवला. प्यॅक प्यॅक! हळूहळू मामांच्या गालावर तेज आलं. लगे हात सासूबाई, मेव्हणे आणि खाली शुभेच्छुकांच्या रांगेत मी स्वतः, सगळ्यांना तीच मात्रा दिली. फ्लेक्सवाल्याला फाईल देताना वर दमही भरला, "रंगाला हात लावायचा नाही!"

एकसष्टीच्या सकाळी बायकोनं टेबलामागचा केर काढताना मॉनिटरची अर्धवट निघालेली वायर दाबून बसवली.

"अवं, बदक पिवळं झालं!"

क्षणभर मला आनंद झाला. मग डोक्यात प्रकाश पडला. म्हणजे दोष प्रोग्रॅमचा नव्हता, आमच्या वायरचा होता; फोटो मुळात बरोबरच होता! आणि फ्लेक्स तर आत्तापर्यंत वर चढला असणार!

तसाच तालमीत धावलो. कुस्तीच्या मातीच्या हौद्यावर फ्लेक्स झळकत होता. मामा लाल. सासूबाई लाल. अख्खं खानदान तांबड्या रश्श्यातनं काढल्यासारखं! मामा कमरेवर हात ठेवून स्वतःकडं बघत उभे. मी पळायला दुसरं दार आहे का ते शोधत होतो.

तेवढ्यात मामांचे म्हातारे वस्ताद काठी टेकत पुढं आले. "आरं वा! कुस्ती मारून आत्ताच मातीतनं उठल्यागत दिसतोय की गडी!"

मामा असे फुलले, की खाली उभे मामा आणि वरचे मामा यांच्या रंगात फारसा फरक उरला नाही.

"आनि मी वो कुनासंगं कुस्ती धरलीती?" सासूबाईंनी दारातूनच विचारलं.

वस्ताद फ्लेक्सच्या कोपऱ्यापाशी थांबले. "आनि ह्यो मरतुकडा कोन? ह्याला कुनी पाडलं?"

"त्यो आमचा जावई! त्यानंच केलंय हे समदं!" मामा गरजले. "शाब्बास, जावईबापू!" आणि बारा वर्षं साचलेलं कौतुक त्यांनी एकाच थापेत माझ्या पाठीत घातलं.

मी उडालो तो थेट हौद्यात. तोंड वर काढलं, तेव्हा केसांपासून मिशीपर्यंत नुसती तांबडी माती. वस्तादांनी एकदा फ्लेक्सकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

"फोटू मातर हुबेहूब काढलाय हां!"