डब्याखालची तीन पाने

लिहिण्याचा माझा अधिकार काय, असे स्वतःला विचारून मी हा कागद अनेकदा दूर सारला आहे. मी आक्कांच्या नात्याची नाही, गोताची नाही. मंगळवार पेठेतल्या त्यांच्या घराच्या माडीवर भाड्याने राहणारी गणिताची शिक्षिका, एवढीच माझी ओळख. वर्गाबाहेर चार माणसांसमोर बोलायची वेळ आली की आजही माझा आवाज घशातच राहतो. तेव्हा ज्यांना आक्का माझ्यापेक्षा जवळून माहीत होत्या, त्यांनी या धिटाईबद्दल मला क्षमा करावी. आक्कांचे मोठेपण सांगावे म्हणून मी लिहीत नाही. त्या गेल्यापासून एक गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही, आणि जिच्यापाशी ती बोलून टाकावी, ती व्यक्तीच उरलेली नाही.

बातमी आली तेव्हा मी दहावीच्या वर्गावर वर्गसमीकरण सोडवत होते. शिपाईमामा दारात येऊन उभे राहिले. मी शेवटची ओळ लिहिली, दोन्ही उत्तरे लिहिली, मगच खडू खाली ठेवला. उत्तर लिहिल्यावाचून खडू ठेवायचा नाही, ही सवय त्याही क्षणी सुटली नाही. "घराकडनं माणूस आलाय, बाई," मामा म्हणाले, "आक्का गेल्या." पित्ताशयातले खडे काढण्याची शस्त्रक्रिया होऊन तिसरा दिवस होता. शस्त्रक्रिया उत्तम झाली होती, आदल्या संध्याकाळी त्यांनी पेज मागून घेतली होती. पहाटे हृदय थांबले. डॉक्टरांच्या हातून काही राहिले नव्हते, घरच्यांच्याही नाही. सगळे बरोबर केलेले आणि उत्तर मात्र चूक... माझ्या विषयात असे होत नाही. आक्कांच्या खेळात होत असे, वारंवार होत असे, आणि ते सोसायला त्यांनीच मला शिकवले होते.

आक्कांची कळंब्याकडे शेती होती, गोठ्यात म्हशी होत्या, आणि पती गेल्यापासून हा सगळा कारभार त्या एकहाती बघत. बोलणे गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाई. रत्नागिरीकडून आलेल्या मला पहिल्या वर्षी त्या रागावल्या आहेत की बोलत आहेत, हेच उमगत नसे. इकडच्या पुष्कळ बायकांप्रमाणे त्या स्वतःविषयी 'मी आलो, मी गेलो' असेच बोलत. एका रविवारी दुपारी त्यांनी जिन्याखालून हाक मारली, "मास्तरीणबाई, रविवारी बी वह्याच तपासतीस व्हय? ये खाली. तिघी हाय आमी, चौथी पायजे."

"मला पत्ते येत नाहीत, आक्का."

"म्हणूनच बोलावतोय. येणाऱ्या लई झाल्यात गल्लीत. हरवायला कोण तरी नको व्हय?"

तेव्हा माझी चाळिशी उलटून गेली होती आणि घरात पत्ते असणे हे माझ्या माहेरी अभक्ष्यभक्षणाइतकेच निषिद्ध होते. तरी मी खाली गेले. सोप्यात जमखाना अंथरलेला, आक्का खिडकीकडे तोंड करून बसलेल्या, त्यांच्या एका बाजूला सून सुनंदा, दुसऱ्या बाजूला शेजारच्या नलूवहिनी, आणि मध्ये चिंचोक्यांनी भरलेला एक पितळी डबा. खेळ तीन पानी. ज्याची पाने मोठी तो जिंकतो, इतके सोपे; पण पाने दाखवायची पाळी येण्याआधीच चाल, म्हणजे डावावर लावायचे चिंचोके, वाढवत नेऊन समोरच्याला घाबरवताही येते, आणि घाबरलेला आपली पाने टाकून देतो. हातात काही नसताना अशी हूल देणे हाच या खेळाचा गाभा. पैशाचे नाव काढायचे नाही, चिंचोक्यांवर खेळायचे, हा आक्कांचा दंडक. दुसरा दंडक त्याहून कडक होता. एकदा टाकलेली पाने कोणी उलटून पाहायची नाहीत, स्वतः टाकणाऱ्यानेही दाखवायची नाहीत. नलूवहिनींना डोकावायची खोड होती, म्हणून आक्का आपली टाकलेली पाने ढिगात न मिसळता डब्याखाली सारून ठेवीत. "टाकलं ते मेलं," त्या म्हणत. "मेल्यालं उकरून बघितलं, की पुढच्या डावाला भ्या वाटतंय."

मी हरत असे. केवळ पाने वाईट येत म्हणून नव्हे, तर चांगली आली तरी हरत असे. नलूवहिनींनी त्याचे कारण पहिल्याच महिन्यात जाहीर केले, "बाईंचं तोंड कशाला बघायचं? कान बघा. एक्का आला की कुंकू फासल्यागत लाल!" पुढच्या रविवारी मी पदराने कान झाकून बसले, तर आक्का पोट धरून हसल्या. "आता तर ठाऊकच झालं, झाकायसारखं काय तरी आलंय म्हणून!" मग मी मला येत असलेल्या मार्गाने निघाले. जोडी किती विरळा येते, तीन सारखी पाने तर किती क्वचित, याचा हिशेब मनाशी मांडला. कुठे थांबायचे, कुठे निघून जायचे हे कळू लागले. हळूहळू माझ्यापुढे चिंचोक्यांचा ढीग दिसू लागला, आणि सांगायला संकोच वाटतो, पण सोमवारी शाळेच्या पायऱ्या मी जरा ताठ मानेने चढू लागले.

आणि नेमके त्यानंतरच, खेळ चांगला जमू लागला असताना, एक वर्ष आखाड-श्रावण असे गेले की मी एकही बैठक जिंकले नाही. टाकायची ती पाने टाकली, लढवायची ती लढवली. तरी शेवटी नलूवहिनी कुठूनशी तिसरी राणी काढीत. मी रविवारभर डाव मनात परत परत मांडू लागले. पेपर तपासायचे निमित्त करून खाली जाणे थांबवले. दुसऱ्याच रविवारी दुखऱ्या गुडघ्यांनी जिना चढून आक्का वर आल्या आणि माझ्या ट्रंकेवर बसल्या.

"तोंड कशापायी लपवतीस?"

"मला नाही जमत, आक्का. सगळे बरोबर केले तरी हरते."

"परवाचा त्यो राजाच्या जोडीचा डाव. परत हीच पानं आली, तर हेच करशील काय?"

मी पुष्कळ विचार केला. "हो. हेच करेन."

"मग झालं की! चिंचोकं गेलं तर गेलं. तू कशाला जातीस?" आणि उठताना म्हणाल्या, "न्हाई म्हणाली असतीस, तर शिकायला काय तरी होतं. हो म्हणालीस, आता चल खाली."

त्यानंतर आमच्या घरात ते वाक्य रुळूनच गेले. कोणी डाव हरून कुरकुरू लागली की बाकीच्या तिघी एका सुरात विचारीत, परत हीच पानं आली तर? गंमत अशी, की हे शहाणपण सांगणाऱ्या आक्का स्वतः मात्र हरल्या की जागेवर ठरत नसत. मांडी बदलत, नळ नीट बंद केला नाही म्हणून सुनेवर ओरडत, उठून गोठ्यात जाऊन म्हशींना चार शब्द ऐकवून येत. "मला काय बी वाटत न्हाई हरल्याचं," असे गोठ्यातून ओरडून सांगत. सुनंदा पदर तोंडाशी धरून हसे. खिडकीकडची जागा त्यांनी शेवटपर्यंत कोणाला दिली नाही. तिथे बसले की पाने चांगली येतात, असे त्यांना वाटे, आणि तसे म्हटलेले त्यांना मुळीच खपत नसे.

दवाखान्यात दाखल व्हायच्या आदल्या दिवशी रविवारच होता. पोटातली कळ दोनदा येऊन गेली होती, तरी पत्ते मांडलेच. शेवटच्या डावाला माझ्या हातात पंजी, सत्ती आणि दश्शी आली, तीही वेगवेगळ्या रंगांची; टाकून देण्यापलीकडे त्यांचा उपयोग नव्हता. त्या दिवशी मला काय झाले, सांगता येत नाही. मी चाल दिली. सुनंदाने पाने टाकली. मी चाल दुप्पट केली, नलूवहिनींनीही टाकली. उरलो आक्का आणि मी. त्यांनी आपली पाने एकदा पाहिली होती, पुन्हा पाहिली नाहीत. त्या माझ्याकडे बघत राहिल्या... तोंडाकडे नव्हे, कानांकडे. "चाल," मी म्हणाले, आणि माझा आवाज मलाच अनोळखी वाटावा इतका स्थिर निघाला. "आक्का, पानं दाखवायला लावा की!" नलूवहिनी ओरडल्या. आक्कांनी मान हलवली. "नगं. आज बाईचा आवाज पक्का लागलाय." आणि त्यांनी आपली तीन पाने डब्याखाली सारली. मी माझी पाने घाईने ढिगात मिसळली. आयुष्यातली पहिली हूल मी जिंकले होते.

नलूवहिनी गेल्या, सुनंदा चहा टाकायला आत गेली, तेव्हा आक्कांनी माझे मनगट धरले. आवाज बारीक होता. त्यांचा बारीक आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. "पोरगं म्हणतंय, तुझ्या मनावर. डाक्टर म्हणतोय, कर. तू शिकलेली हाईस, खरं सांग. करू काय ऑपरेशन?" डॉक्टरांचे म्हणणे मी समजून घेतले होते, खडे तसेच ठेवण्यात धोका अधिक होता, याविषयी मला शंका नव्हती. पण मनातून मी घाबरले होते. त्यांचे वय, चढताना लागणारी धाप... मी म्हणाले, "करून घ्या, आक्का. काही होणार नाही." घटकाभरापूर्वी 'चाल' म्हटले होते, त्याच आवाजात. त्या पुन्हा माझ्या कानांकडे बघत राहिल्या. मग मनगट सोडून "बरं" म्हणाल्या.

तेराव्यानंतर सुनंदाने मला विचारले, "आमचं चुकलं काय हो, बाई?" मी आक्कांचाच प्रश्न तिला विचारला. ती रडत रडत म्हणाली, "परत हेच केलं असतं." तिचे समाधान झाले. माझे होत नाही. सल्ला मी पुन्हा तोच दिला असता, याविषयी माझ्या मनात दुमत नाही. पण तो त्या आवाजात दिला असता का? माझी भीती त्यांना दिसली होती का? ती दिसूनही त्या स्वतःच्या धिटाईने गेल्या, की माझ्या उसन्या खात्रीवर विसंबून?

ती तीन पाने अजून डब्याखाली आहेत. पितळी डबा सोप्यातल्या कोनाड्यात ठेवताना सुनंदाने पाने तशीच, पालथीच त्याच्याखाली ठेवली. शाळेतून येता-जाता माझी नजर तिकडे जाते. ती अगदीच किरकोळ असतील, तर आक्कांनी ती टाकली यात काही नवल नाही, आणि मला काहीच कळणार नाही. मध्यम असतील, तर त्या माझ्या आवाजाला फसल्या. मग दुसऱ्या वेळीही फसल्या असतील. पण तीन राजे, तीन एक्के असली थोर पाने असतील, तर ती कोणी आवाजाला भिऊन टाकत नाही. मग त्यांनी माझी हूल ओळखली होती, हौसेने मला जिंकू दिले होते, आणि चहाच्या आधीचे माझे वाक्यही ओळखूनच "बरं" म्हटले होते. इतके सगळे त्या तीन पानांवर आहे. आणि ती उलटायची नाहीत, हे ज्यांनी शिकवले त्यांचीच ती पाने आहेत.

काल सुनंदा वर आली होती. नलूवहिनी पुन्हा बसू या म्हणतात; आक्कांनाही ते आवडले असते, असे तिला वाटते. "पण पत्त्यांचा क्याट अपुरा हाय, बाई," ती म्हणाली. "डब्याखालची पानं तुमीच काढा. माझा हात होत न्हाई." मी बरे म्हटले. न पाहता ती ढिगात घालून पिसून टाकली, की संपले. आक्कांनी तेच केले असते, आणि मग गोठ्यात जाऊन म्हशींवर ओरडल्याही असत्या. परवा रविवार आहे. आज दुपारी मी कोनाड्यापाशी जाऊन डबा थोडा उचलला आणि पुन्हा खाली ठेवला.

माझ्या जागी तुम्ही असता, तर ती पाने उलटून पाहिली असती का?