मडक्याचा मालक

पाया खणायच्या खड्ड्यात उतरताना आमचे मुकादम चपला काढून ठेवायचे. कुणी हसलं की म्हणायचे, "दुसऱ्याच्या घरात चपला घालून जातंस काय रे?"

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. शिक्षण दुसरी, पण एक कायदा तोंडपाठ. जमिनीत जुनं काही सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवायचं. "सांगलंस तर सापडला, लपवलंस तर चोरलंस," हे रोजचं पालुपद.

चौऱ्याऐंशी साली मी सातवीतून शाळा सोडून मालवणहून बोरिवलीला त्यांच्या हाताखाली लागलो. काम जाईल या धास्तीनं घास उतरत नसे. एका सकाळी माझी कुदळ मडक्यावर बसली. आत काळी पडलेली नाणी! मुकादम सिमेंट आणायला गेलेले. त्यांना खूश करावं म्हणून मी, घरी गणपतीआधी समई घासतात तशी, मूठभर नाणी चिंचेनं घासली. झकास चमकली.

मुकादमांनी कपाळावर हात मारला. "मेल्या, वाट लावलंस! अक्षरां खंय गेली?"

"आता जेल रे तुला," शेजारचा गडी म्हणाला. "परत पूर ना यार."

"वर इला ता परत पुरूचा नाय," मुकादम म्हणाले आणि मला अर्ज लिहायला बसवलं. शोधणाऱ्याच्या जागी मी त्यांचं नाव घालत होतो. त्यांनी हात धरला. "माझा नाव कित्याक? सापडला तुका."

कचेरीतले साहेब चमकती नाणी बघून तडकले. "हा शहाणपणा कुणाचा?"

मी तोंड उघडणार, तोच मुकादमांनी माझ्या पायावर पाय दिला. "माझा, साहेब. घरची समई वाटली."

साहेबांना हसू आवरेना. "पुढच्या वेळी मातीसकट आणा," म्हणत त्यांनी पोच दिली. त्या रात्री मी पोटभर जेवलो.

पुढे गुडघे थकले म्हणून मुकादम गावी गेले, तिथेच वारले. मला ते दिसतात ते कचेरीच्या दारातच. मडक्यावर कुणाचा हक्क असेल तर अमुक दिवशी हजर राहावं, अशी नोटीस लागली होती. त्या दिवशी मुकादम इस्त्रीचा सदरा घालून सकाळपासून तिथे उभे.

"मुकादम, मालक मरून शेकडो वर्षं झाली असतील," मी म्हटलं.

"आणि इलोच तर? नाणी घासलंव म्हणान माफी नको मागूक?"

आणि आत जाणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्याला ते अदबीनं विचारत होते, "मडकं तुमचं काय हो?"