सावद्याकडून वळलेला धूर

कॉलेजात आमचे भौतिकशास्त्राचे सर मे महिन्यात वादळांच्या मागे जात. वादळ पुढून कसे दिसते, वारा कधी उलटतो, गारा किती पडतात, हे ते पाहत आणि चार-सहा विद्यार्थ्यांना सोबत नेत. नव्वदच्या आसपासची गोष्ट. त्या वर्षी मी गेले, कारण माझ्याकडे वडिलांचा कॅमेरा होता. जीपमध्ये सर, तीन मुले, मी आणि माझी एक मैत्रीण होती. मुले मला मॅडम म्हणत. मी कॉन्व्हेंटमधली, त्यातून कमी बोलणारी. जळगाव सोडताना एकाने विचारले, "मॅडम, क्लाउडला मराठीत काय म्हणतात?" मी खिडकीबाहेर पाहत राहिले. मैत्रीण म्हणाली, "तुझ्या डोक्यात भरलंय ना, ते."

मैत्रीण सावद्याची होती. तिच्या वडिलांचा, म्हणजे नानांचा, केळीचा बाग निसवलेला होता. घड बाहेर पडून भरत आले होते आणि पंधरवड्यात कापणी व्हायची होती. घड धरलेली केळ वाऱ्यापुढे टिकत नाही. हे तिने मला आदल्या दिवशी सांगितले होते. वादळ बघायला नव्हे, ते कुठे जाते हे कळावे म्हणून ती आली होती. सरांना मात्र तिने यातले काही सांगितले नव्हते.

भुसावळच्या अलीकडे सरांनी जीप थांबवली. त्यांची एक पद्धत होती. दीपनगरच्या वीजकेंद्राच्या चिमण्यांचा धूर कुठे झुकतो ते आधी पाहायचे, मग रस्ता ठरवायचा. दुपारपर्यंत धूर पूर्वेला लोळत होता. मग तो सरळ उभा राहिला आणि हळूहळू दक्षिणेकडे वाकला. म्हणजे वारा उत्तरेकडून, सातपुड्याच्या अंगाने सुटला होता. उत्तरेचे आभाळ काळे निळे झाले होते.

"सावदा, रावेर," सर खुशीत म्हणाले. मुलांनी टाळ्या दिल्या. मैत्रिणीने ओढणीचे टोक बोटाला गुंडाळले, सोडले, पुन्हा गुंडाळले.

तापी ओलांडून फैजपूर मागे टाकले तेव्हा धुळीची भिंत समोर आली. सरांनी झाडे टाळून मोकळ्या जागी जीप उभी केली. वाऱ्याने जीप हलत होती. पुढच्या काचेवर गारा आपटत होत्या आणि सर घड्याळ पाहून वेळ मोठ्याने सांगत होते. मग रस्त्याच्या पलीकडून आवाज येऊ लागले. लाकूड मोडल्यासारखा कडकडाट नव्हे. ओले पोते खाली टाकावे तसे धप्प, धप्प. केळी पडत होत्या.

वारा उतरल्यावर मैत्रीण म्हणाली, "सर, माझं घर जवळ आहे." आम्ही निघालो. वाटेत ती मान खाली घालून हाताच्या बोटांकडे पाहत बसली होती. माझ्या बाजूने पांढऱ्या खोलीचा एक बाग गेला. रस्त्यालगतच्या रांगा आडव्या झाल्या होत्या, मागे शेंडे दिसत होते. मी एक फोटो काढला.

घराला कडी होती. शेजारच्या आजींनी सांगितले की सगळे गावाबाहेरच्या एका काकांच्या बागात गेलेत, त्यांचा पार झोपला. मैत्रिणीने जीप तिकडेच न्यायला लावली. आमच्याकडे असंच असतं, ती म्हणाली. ज्याचा पडल्याचं आधी कळतं त्याच्याकडे आधी जायचं, आपला नंतर पाहायचा. पडलेले घड उन्हात तापले की काळे पडतात, म्हणून सगळे मिळून ते कापून सावलीत नेतात.

नाना तिथेच होते, खांद्यावर घड घेऊन. सरांनी वही खिशात घातली. मुले कामाला लागली, मीही एका टोकाला घड धरला. चीक हाताला लागला.

थोड्या वेळाने नाना मैत्रिणीला म्हणाले, "येताना आपला पाह्यला?"

"नाही, नाना."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. "तुम्ही पाह्यला का, बाई? रस्त्याला लागून, पांढरी खोली हाये."

मैत्रीण वाटेत का खाली पाहत होती ते मला तेव्हा समजले; तो बाग त्यांचाच होता. परक्यांशी बोलताना माझी वाक्ये आधी मनात इंग्रजीत जुळत. या वेळी जुळवायला वेळ नव्हता.

"रस्त्याकडचा पडलाय," मी म्हणाले. "आतला उभा होता."

नानांनी खांद्यावरचा घड सावरला. "बरं," म्हणाले, आणि घड झाडाखाली नेऊन ठेवला.

नंतरचा सगळा वेळ मी त्या एका वाक्याचा विचार करत होते. मी फक्त शेंडे पाहिले होते, तेही चालत्या जीपमधून. शेंडे उभे असले तरी खाली खोडे वाकलेली असू शकतात, हे आता काकांच्या बागात दिसत होते.

काम उरकल्यावर सगळे नानांच्या बागाकडे गेलो, काकाही. रस्त्याकडच्या रांगा गेल्या होत्या. त्यांच्यामागे वारा अडवायला लावलेली शेवरीची दाट ओळ अर्धी वाकली होती. नाना वाकून आत शिरले. आम्ही रस्त्यावर थांबलो. पानांच्या चिंध्या झाल्या होत्या, त्यामुळे बाहेरून काहीच नीट कळत नव्हते.

आतून त्यांचा आवाज आला, "उभा हाये. बराचसा उभा हाये."

मैत्रिणीने बोटाला गुंडाळलेली ओढणी सोडली. "मग चहा टाकते," म्हणाली. काका म्हणाले, "साखर जास्त घाल, पोरी," आणि मागे वळून आपल्या बागाकडे न बघता आमच्याबरोबर चालू लागले.