आतेभाऊ आणि फोमची हरणं

माझा आतेभाऊ अमेरिकेत राहतो आणि दर ऑक्टोबरात झाडावर जाऊन बसतो. झाडाला बांधलेल्या छोट्या खुर्चीत, धनुष्य मांडीवर घेऊन, हरणाची वाट बघत. आमच्या आत्याला वाटतं, तो पक्षी बघायला जातो. इतक्या वर्षांत तिचा हा समज कोणी मोडलेला नाही. तोही फोनवर तिला अधूनमधून दोन-चार पक्ष्यांची नावं ऐकवतो.

मी मँचेस्टरला एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे. धनुष्य माझ्याकडेही आहे, पण या देशात धनुष्याने शिकार करणं बेकायदा. म्हणून आम्ही क्लबवाले रविवारी सकाळी शहराबाहेरच्या एका चढउतारांच्या जंगलात जातो आणि फोमची जनावरं मारतो. हरीण, रानडुक्कर, अस्वल आणि एक कान तुटलेला कोल्हा. अंतर किती ते कुठेही लिहिलेलं नसतं. नजरेने अंदाज करायचा आणि बाण सोडायचा. अंदाज चुकला की बाण हरणाच्या पोटाखालून जातो आणि पुढचा बराच वेळ ओल्या पाचोळ्यात ओणवं होऊन शोधण्यात जातो. मला हे सगळं फार आवडतं. हॉस्पिटलच्या आठवड्यानंतर कोणाचंही काहीही दुखत नसलेल्या जनावरांमध्ये हिंडायला बरं वाटतं.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात हा आतेभाऊ, म्हणजे आमचा दादा, ऑफिसच्या कामाने इकडे आला आणि आमच्याकडे पंधरवडाभर राहिला. पहिल्याच संध्याकाळी त्याने माझं धनुष्य मागितलं. माझं धनुष्य काँपाउंड आहे, म्हणजे दोन्ही टोकांना चाकं असलेलं, स्क्रू फिरवून हवं तसं बसवता येणारं. त्याने ते उलटसुलट करून पाहिलं, बाण हातात घेऊन वजन जोखलं आणि विचारलं, "हे बाण आहेत की पडद्याचे दांडे?"

"मला चालतात," मी म्हटलं.

"जड आहेत अगं. आणि धनुष्य केवढं सैल ठेवलंयस. बाण हळू जातो, म्हणून वाटेत खाली येतो. वेग वाढव, बाण सरळ रेषेत जाईल. मग अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी बिघडत नाही."

यात चूक काहीच नव्हती. लांबच्या फोमच्या डुकराला माझा बाण कधीच पोचत नसे, हेही खरं. शिवाय दादा लहानपणापासून मला सायकलपासून गणितापर्यंत सगळं शिकवत आलेला. मी त्याच्या हातात पाना दिला. त्याने धनुष्य चांगलंच ताठ केलं आणि इंटरनेटवरून हलक्या, बारीक बाणांचा एक संच मागवला. बाण दोन दिवसांत दारात आले.

शनिवारी क्लबवर जाऊन मी पहिला बाण सोडला आणि तो डुकराच्या बरोब्बर खांद्यात बसला. माझा स्वतःवर विश्वास बसेना. दादाने नुसती मान हलवली, पण चेहऱ्यावरून समाधान ओसंडत होतं. माझा नवरा थर्मासमधून चहा ओतत म्हणाला, "दादा, आता हिला तुमच्याबरोबर अमेरिकेला न्या."

दुपारपर्यंत चित्र पालटलं. ताठ धनुष्य ओढताना हात थरथरायला लागला. थरथर वाढायच्या आत बाण सोडून मोकळं व्हायची घाई व्हायची. बाण शेपूट हलवत जायचा, कधी डावीकडे, कधी उजवीकडे. आवाजही बदलला होता. पूर्वी माझं धनुष्य एखादं जाड पुस्तक मिटावं तसं वाजायचं, आता फटाक्यासारखं वाजू लागलं. संध्याकाळी मी खांद्यावर बर्फ धरून सोफ्यावर बसले. दुसऱ्यांच्या खांद्यांवर माझं पोट चालतं, आणि स्वतःच्या खांद्याचं मी हे करून घेतलं होतं.

"सवय होईल," दादा म्हणाला.

"पेशंटने असं म्हटलं तर मी त्याला ओरडते," मी म्हटलं.

रविवारी सकाळी मी आधी क्लबच्या शेडमध्ये गेले. तिथे एका लाकडी चौकटीत कागद ताणून बसवता येतो. बाण त्यातून सोडायचा आणि भोक बघायचं. बाण सरळ जात असेल तर भोक गोल पडतं, पिसांच्या तीन चिरांसकट. माझ्या बाणाने कागद आडवा टराटरा फाडला. दादाने ती फाट बोटाने चाचपली.

"ताठ धनुष्याला हा बाण मऊ पडतोय," तो म्हणाला. "सुटताना वाकतोय. आणखी कडक बाण मागवू या."

"दादा, तुला एवढी वेगाची घाई का आहे? ही फोमची हरणं आहेत. पळून जायची नाहीत."

तो दुखरा गुडघा सांभाळत शेडच्या पायरीवर बसला आणि त्याने मला चार वर्षांपूर्वीची गोष्ट सांगितली. हरणाची एक मादी त्याच्या झाडाच्या दिशेने आली होती, पण अजून जरा लांब होती. त्याने बाण सोडला. दोरीचा आवाज ऐकून ती दचकली आणि पळण्यासाठी खाली दबली. बाण जिथे बसायचा तिथे न बसता वर, पाठीत लागला. ती पळाली. तो आणि त्याचा मित्र रक्ताच्या थेंबांमागे अंधार पडेपर्यंत फिरले, दुसऱ्या दिवशीही फिरले. ती सापडली नाही.

"तेव्हापासून मी बाण हलके करत गेलो आणि धनुष्य ताठ," तो म्हणाला. "वाटलं, बाण लवकर पोचला तर तिला दबायला वेळच मिळणार नाही."

मी त्याच्या शेजारी बसले. तेवढ्यात आमच्या क्लबच्या सर्वेसर्वा बाई आल्या. सत्तरीच्या, पूर्वी शाळेत भूगोल शिकवणाऱ्या आणि अजूनही सगळ्यांना रांगेत उभं करणाऱ्या. दादासाठी त्यांनी क्लबचं जुनं लाकडी धनुष्य आणलं होतं. "चला लव्ह, चहा नंतर," असं मला इकडच्या लाडाच्या हाकेने म्हणून त्यांनी आम्हाला जंगलात पिटाळलं आणि स्वतःही बरोबर आल्या.

त्या लाकडी धनुष्याचा बाण इतका हळू जायचा की जाताना दिसायचा. दादाचे पहिले तीन बाण जमिनीत गेले. चौथा अस्वलाच्या पायाला लागला. तो हसला, त्या दिवसात पहिल्यांदाच.

पुढच्या ठिकाणी नेच्यांच्या दाटीत फोमचं हरीण उभं होतं. दादाने दोरी ओढली आणि बाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "फास्ट."

दादाला वाटलं, लवकर सोड म्हणताहेत. मी घाईघाईने त्याच्या दंडाला हात लावला. "थांब. इकडे फास्ट म्हणजे थांब."

"फास्ट म्हणजे थांब?" त्याने ओढलेली दोरी सावकाश सैल केली. "काय देश आहे."

मग त्याला दिसलं. फोमच्या हरणाच्या पलीकडे एक खरं हरीण उभं होतं, लालसर रंगाचं, शेळीएवढं. ते त्या फोमच्या भावंडाकडे बघत होतं. आम्ही तिघंही हललो नाही. टेकाडामागे आमच्याच क्लबची दुसरी टोळी होती, त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. तिकडून कोणीतरी बाण सोडला आणि दोरीचा खट्ट आवाज आला. हरणाचे चारही पाय क्षणात दुमडले, पोट जवळजवळ नेच्यांना टेकलं, आणि त्याच झेपेत ते नाहीसं झालं. दूरच्या लक्ष्यावर बाण बसल्याचा धप्प आवाज आम्हाला त्यानंतर ऐकू आला.

दादाने बाण दोरीवरून काढला.

"आवाज आधीच पोचतो, दादा," मी म्हटलं. "तू बाण कितीही हलका केलास तरी."

"माहीत होतं गं," तो म्हणाला. "पण वेग वाढवणं माझ्या हातात होतं. दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं."

"जवळ येईपर्यंत थांबता येतं की. आणि जवळ आलीच नाही तर सोडू नये."

"ते ऐकायला सोपं आहे. झाडावर तीन तास थंडीत बसून बघ." पण तो रागावला नव्हता.

घरी आल्यावर त्याने स्वतःहून पाना मागितला. धनुष्य मला सहज ओढता येईल इतकं सैल केलं, माझे जुने बाण पुढे ठेवले आणि दोरीला रबराचे छोटे मिशीसारखे तुकडे बांधले, कंप आणि आवाज कमी व्हायला. बुधवारी कामावरून आल्यावर आम्ही पुन्हा कागदातून बाण सोडला. भोक अगदी गोल नव्हतं, पण गोल म्हणायला हरकत नव्हती. लांबच्या डुकराला बाण पुन्हा पोचेना. त्यावर दादाने मला जरा वर नेम धरायला शिकवलं, आणि आधी निम्म्या अंतराचा अंदाज घेऊन त्याची दुप्पट करायला. वेगाबद्दल तो पूर्ण चुकला होता असं मी म्हणणार नाही. ते डुक्कर मला आजही जड जातं.

त्याच वर्षी डिसेंबरात त्याचा फोन आला. या खेपेला त्याने जड बाण वापरले होते आणि आपलं धनुष्य बरंच सैल केलं होतं. एक नर दोनदा दिसला, दोन्ही वेळा लांबून, म्हणून त्याने दोरी ओढलीच नाही. सीझनच्या अखेरीस एक मादी अगदी जवळ आली, खाली मान घालून चरत होती. बाण आरपार गेला. ती थोडी चालली आणि त्याच्या डोळ्यांसमोर पडली.

"शोधावं लागलं नाही," तो म्हणाला.

"बरं झालं," मी म्हटलं.

मग त्याने मला माझ्या खांद्याबद्दल विचारलं, आणि मी त्याला त्याच्या गुडघ्याबद्दल.