पत्रकांच्या पाठीवरची वंशावळ

बाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी चिंचोळी एमआयडीसीत एका कारखान्याच्या फाटकापाशी पत्रकं वाटत होते. बाईंचा भाचा बोलत होता. "आत्ती गेली गं. सकाळी, झोपेतच." मी "येते" म्हणाले आणि हातातली पत्रकं संपेपर्यंत तिथंच उभी राहिले. का, ते अजून सांगता येत नाही. महिना उलटून गेला. आता नवं पत्रक लिहायला बसले की दुसऱ्या ओळीवरच थकायला होतं...

कुसुमबाई मला शाळेत इतिहास शिकवायच्या आणि सोलापूरच्या शुक्रवार पेठेत आमच्या मागच्या बोळात एकट्या राहायच्या. आमच्या घरात देवांच्या तसबिरींपेक्षा युनियनची पत्रकं जास्त. मी अक्षरं लावायला शिकले तीही त्यांवरच. माझं 'पत्रकवाली' हे नाव बाईंनी ठेवलेलं. निवृत्तीनंतर डोळे अधू झाले तेव्हा त्यांनी मला बोलावून घेतलं. "तुझा लॅपटॉप घेऊन ये. मला स्कॉटलंडला जायचंय."

गोष्ट पेठेत सगळ्यांना माहीत होती, बोलत कुणी नव्हतं. बाईंची आजी वैरागची. लग्न होऊन सोलापुरात आली, विधवा झाल्यावर गिरणीत लागली. कापड विणायच्या साचेखात्यावरचा स्कॉटिश मास्तर काही वर्षं तिच्यासोबत राहिला. तिला विचारून राहिला की नाही, हे कुठल्याच कागदावर नाही. मुलगा झाला, म्हणजे बाईंचे वडील. मग मास्तर मायदेशी निघून गेला. मागं राहिलं एक बायबल. त्याच्या पहिल्या पानावर मास्तरच्या आईवडिलांची आणि भावंडांची नावं शाईनं लिहिलेली होती. आजीला वाचता येत नव्हतं, पण खंडेनवमीला घरातल्या हत्यारांबरोबर ती त्या पुस्तकालाही हळदकुंकू वाहायची. त्याच्या चामड्यावर तो पिवळा डाग अजून आहे.

मी तेव्हा वीस वर्षांची होते आणि मला सगळं ठाऊक होतं. म्हणाले, "बाई, साहेबाचं रक्त शोधताय, मिरवायला?"

त्या चिडल्या नाहीत. घाऱ्या डोळ्यांनी बघत म्हणाल्या, "रक्त तर आरशात दिसतंय की. ते कशाला शोधू? असल्या माणसाची आई कोण होती, ते बघायचंय मला."

मग दर रविवारी आम्ही तिकडच्या जुन्या जनगणनेची पानं उघडायचो. घराघरातली माणसं, त्यांची वयं, त्यांचे धंदे. मी तिरपं इंग्रजी वाचायचे, बाई ऐकायच्या. दोन महिने आम्ही एकाच जागी अडकून होतो. बायबलात मास्तरची आई होती इसोबेल केर आणि जनगणनेत त्याच घरात होती मास्तरच्या आडनावाची इसोबेल लीथ. बाईंनी निकाल देऊन टाकला. "पहिली मेली असणार. दुसरी केली. तिचं नाव बदलून पहिलीचंच ठेवलं असंल, आपल्यासारखं." आम्ही त्या पहिलीचं मरण शोधत बसलो. शेवटी एका मृत्यूच्या नोंदीत दोन्ही आडनावं शेजारी शेजारी सापडली. केर आणि लीथ ही एकच बाई होती. तिकडं लग्नानंतरही बाईचं माहेरचं नाव कागदावर ठेवतात, हे आम्हा दोघींच्या डोक्यातच आलं नव्हतं.

तिच्या लहानपणीच्या जनगणनेत तिचं वय होतं अकरा आणि कामाच्या रकान्यात लिहिलं होतं, तागाच्या गिरणीत. बाई मोठ्यानं हसल्या. "तुझ्या पत्रकातलीच निघाली की गं ही!" मग बायबल मिटत म्हणाल्या, "अकरा वर्षांच्या परक्या पोरीचं नाव मिळालं. माझ्या आजीचं मात्र न्हाय." आजीचं 'गंगू' हे नाव सासरचं. पाळण्यातलं काय होतं, ते बाईंच्या वडिलांनाही माहीत नव्हतं.

वैरागला आजीच्या माहेरघरी दरवर्षी सुगी झाली की हेळवी येतो. पिढ्यान्‌पिढ्यांची नावं त्याच्या वहीत असतात. मागच्या वर्षी तो आल्याचा निरोप आला. बाई म्हणाल्या, "दोनच दिवस हाय तो तितं. एकटीला एसटीची पाटी दिसत न्हाय. येतीस का?" माझी फाटकावर सभा होती. कंत्राटी बायांची नावं हजेरीपटावर यावीत म्हणून. मी म्हणाले, "पुढच्या वर्षी नक्की, बाई." त्या म्हणाल्या, "बरं."

पुढचं वर्ष आलं. गेल्या आठवड्यात मी एकटीच गेले. हेळवी आता मोटारसायकलवर येतो, पण वही तीच, लाल कापडात बांधलेली. ओसरीवर बसून त्यानं एका दमात सात पिढ्यांचे पुरुष वाचले. आजीच्या पिढीपाशी आला. "मुलगे तीन. लेक एक, दिली सोलापुरास." मी म्हणाले, "नाव?"

"लेकीचं नाव कोण लिवतंय बाई? ती दिल्या घरची."

मी भांडले. मला तेवढंच येतं. त्यानं शांतपणे पेनाचं टोपण काढलं. "मग सांगा की. आता लिवतो."

माझ्याकडं नाव नव्हतं. मी घरधन्याकडं बघितलं. तो म्हणाला, "आमच्या थोरल्या काकूला ठावं हुतं. ती सारखी सांगायची त्या आत्तीचं. दिवाळीत गेली काकू." हेळव्यानं जरा वाट बघितली आणि टोपण लावलं.

बाईंच्या भाच्यानं त्यांची कागदांची गुंडाळी माझ्याकडं दिली आहे. वाटून उरलेली माझी पत्रकं त्या मागून घ्यायच्या, रद्दीला म्हणून. त्यांच्या कोऱ्या पाठी खळीनं जोडून त्यांनी वंशावळ काढली होती. एका बाजूला लीथ आणि केर, चार पिढ्या, बायकांच्या माहेरच्या नावांसकट. दुसऱ्या, आजीच्या बाजूला एकच चौकट. उलटून पाहिलं तर बरोबर तिच्या पाठीशी माझं वाक्य छापलेलं आहे: 'आमची नावं पटावर घ्या!'

चौकटीत नाव नाही. बाईंच्या अक्षरात, पेन्सिलीनं लिहिलं आहे... 'वैरागला जायचं. पोरीला वेळ मिळाला की.'