बसलेले की उभे?

देशोदेशीचे दलदलीचे शास्त्रज्ञ पेणजवळच्या खाडीतला चिखल पाहायला येणार होते आणि त्यांच्या प्रवासाचं लोढणं रोह्याच्या आमच्या कॉलेजनं माझ्या गळ्यात अडकवलं. ऐन गणपतीच्या दिवसांत गाडी मिळेना. शेवटी हमरापूरच्या मूर्ती वाहणारा एक टेम्पोवाला तयार झाला. बोलताना हवेत हातानं उंची मोजायची त्याला सवय होती. नाव विचारायचं राहिलं, कारण प्रश्न तोच विचारत होता.

"बसलेले की उभे?"

"बसलेले."

"उंची?"

"सहा फूट."

"बसून सहा? हात सुटे हायत का अंगाला लागून?"

"अहो, माणसं आहेत ती!"

"मंग पेंढा जास्त लागंल. दीड दिवसाचे की पाच?"

"पाच," मी हात टेकले.

त्यानं खरंच टेम्पोत गुडघाभर पेंढा अंथरला. पाहुणे त्यावर खूश होते. खाडीवर मात्र त्यांचा प्रमुख हर्षभरानं पुढे धावला आणि छातीपर्यंत चिखलात रुतला. आम्ही काठावर नुसते ओरडत राहिलो. टेम्पोवाल्यानं चपला काढल्या, चिखलावर पेंढा पसरला आणि त्यावर पालथं पडून दोरानं त्याला बाहेर ओढलं.

मग माझ्या कानाशी येऊन तो घाबऱ्या आवाजात म्हणाला, "साहेब, जन्मभर बुडवतच आलो. बुडालेला परत काढला, तो ह्यो पयलाच. चालतं ना तसं?"