वर्लिनचं पाचवं पहिलं वर्ष

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा वर्लिन दारू सोडण्यात भारी पटाईत. चारदा सोडली त्यानं, आणि चारही वेळा आमच्या सगळ्या लाकोटा आदिवासी वस्तीनं उन्हाळी मेळ्यात त्याचा मान केला.

आमच्याकडे दारूविना वर्ष काढलं की माणूस रिंगणात उतरतो, ढोलवाले त्याच्या मानाचं गाणं धरतात, घरचे त्याच्या मागून चालतात. आणि ज्याचा मान, त्यानंच लोकांना भेटी वाटायच्या. घरच्यांना मात्र काही द्यायचं नाही. घरच्यांनी फक्त राबायचं.

म्हणजे वर्लिननं बाटली खाली ठेवली की माझ्या आर्डेथनं सुई उचलायची. आठ पाकळ्यांच्या चांदणीच्या गोधड्या, वर्षभर, डोळे फुटेस्तोवर. आणि हा? छाती काढून फिरायचा, हात मिळवायचा, फोटो काढून घ्यायचा, आणि झाडांची पानं गळायच्या आत पुन्हा गटारात. एकदा तर ज्यांना गोधडी दिली त्यांच्याच अंगणात आडवा सापडला. लाज कशाशी खातात हे ह्याला ठाऊकच नाही.

मागच्या उन्हाळ्यात आर्डेथ बोचकं घेऊन माझ्याकडे आली. "ताई, सुटले," म्हणाली. मी म्हटलं, "सुटलीस खरी. पण पुन्हा त्याच्या मागून रिंगणात चाललीस तर तंगडी मोडीन." त्यानंतर म्हणे ह्यानं पाचव्यांदा सोडली. मी ऐकलं आणि कॉफी प्यायले.

यंदा मेळ्यात माईकवर एल्मर होता. "मंडळी, वर्लिन येतोय! ह्याचं हे पाचवं पहिलं वर्ष बरं का!" सगळं मैदान हसलं. मी मुद्दाम जास्त मोठ्यानं. मेहुणीनं टर उडवायची, हा आमच्यात हक्कच आहे.

"जावईबापू," मी ओरडले, "दुसरं वर्ष कसं दिसतं ते दाखवा की एकदा!"

तो एकटाच आला. आईबाप गेलेले, मूलबाळ नाही. मागे घरचं कुणी उभं राहिल्याशिवाय गाणं सुरू होत नाही, म्हणून ढोलवाले काठ्या हातात धरून थांबले. ह्याच्या खांद्यावर एकच गोधडी, स्वतः शिवलेली. चांदणी मधोमध तळलेल्या रोटीसारखी टम्म फुगलेली. बायका तोंडावर हात धरतील तर शपथ, खुशाल दात काढत होत्या.

तो सरळ आमच्या बाकापाशी आला आणि गोधडी आर्डेथपुढे धरली.

"अरे येड्या," एल्मर माईकवरून खेकसला, "घरच्यांना देत नाहीत! तेवढंही विसरलास?"

"विसरलो नाही," वर्लिन म्हणाला. "ही घरची राहिली नाही. म्हणून तर देता येतंय."

आता कुणी हसेना. आर्डेथनं परक्या बाईसारखी गोधडी घेतली, रीतसर हात मिळवला आणि बसली. शाब्बास! मला पेढे वाटावेसे वाटले. तो जाऊन रिंगणात मान खाली घालून उभा राहिला. राहा म्हटलं उभा. चारदा ती राहिली होती.

हसायला आणखी काहीतरी हवं म्हणून मी गोधडी उलटी केली. चांदणी मधोमध सुरू करून कडेकडे शिवत जातात. मधले टाके लांबलचक, वाकडे, थरथरत्या हाताचे, एका ठिकाणी रक्ताचा डाग. पुढच्या ओळीत तसेच. मग जरा बरे. मग बारीक. कडेला आले तर टाके इतके एकसारखे, की मला जमले नसते. मेला! मी पटकन घडी घातली.

पण शिवणारी मी एकटी थोडीच. आर्डेथचं बोट घडीच्या आत होतं, कडेच्या शिवणीवरून पुढे पुढे सरकत.

"बस खाली," मी तिचा हात धरला. "चारदा झालंय हे."

"चारदा मी शिवलं होतं, ताई," ती म्हणाली.

हात सोडवून ती उतरली आणि त्याच्या मागे जाऊन उभी राहिली. ढोल सुरू झाला. सगळे उठले. मी नाही उठले. गोधडी मांडीवर पसरून मधला फुगवटा तळव्यानं दाबून बघितला. बसेना. पुन्हा दाबला.